अट तुमची, तर वर्गही तुमचाच

गेल्या गणपतीत इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळाच्या पंगतीत (इथे पंगत म्हणजे कागदी ताटली सावरत हॉलच्या भिंतीला टेकून उभं राहणं) एका गृहस्थांनी विषय काढला. "आम्ही आयईएल्टीएस दिली, व्हिसाची फी भरली, वर्षाला हजार पौंडांच्या वर हेल्थ सरचार्ज भरला. आणि हे निर्वासित येणार, राहायला जागा घेणार, वर यांच्या इंग्रजीच्या शिकवणीचे पैसे आमच्या टॅक्समधून! का म्हणून? राहायचंय ना इथे, मग शिका की आपलं आपण." सात-आठ माना डोलल्या. मी मोदक आणायचं निमित्त करून सटकलो. तेव्हा गिळलेलं उत्तर आता लिहून टाकतो.

राग खरा आहे, हे आधीच मान्य करतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि पाच वर्षांचा व्हिसा असेल तर पाचही वर्षांचे पैसे आधीच मोजावे लागतात. ज्याने ते मोजले त्याला दुसऱ्याच्या पदरात काही फुकट पडताना टोचणारच. पण त्या रागाच्या पोटी जन्मलेला युक्तिवाद पहिल्याच पावलाला लंगडतो. "आम्ही आमच्या खिशातून शिकलो" हे त्याचं पहिलं पाऊल.

गृहस्थ सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलेलं. म्हणजे इंग्रजी पाचवीपासून. शाळा अनुदानित, म्हणजे मास्तरांचा पगार सरकारी तिजोरीतून. घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असेल तर तेवढा खर्च वडिलांचा. पुढे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, तिथली फी किती होती ते त्यांनाही आठवत असेल. आयईएल्टीएसची फी त्यांनी खिशातून भरली, कबूल. पण ती परीक्षा इंग्रजी शिकवत नाही, मोजते. काट्यावर वजन करायला पैसे दिले म्हणून धान्य आपण पिकवलं असं होत नाही. त्यांचं इंग्रजी महाराष्ट्राच्या करदात्याने पिकवलं, आणि ब्रिटनला ते तयार पोत्यात मिळालं.

यावर ते म्हणतील की ती तिजोरी महाराष्ट्राची होती, ब्रिटनची नव्हे. बरोबर, आणि मुद्दा तिथेच आहे. कुणाच्याही इंग्रजीचा खर्च कुठल्या ना कुठल्या समाजाने केलेला असतो. ज्याच्या देशात शाळाच उरली नाही, किंवा होती ती अरबीत, दारीत, तिग्रिन्यात होती, त्याचा तो खर्च व्हायचा राहिला आहे. आता तो माणूस ब्रिटनमध्ये राहणार, हे ब्रिटननेच त्याचा अर्ज तपासून, कागदावर शिक्का मारून ठरवलेलं आहे. मग उरलेला खर्च सुदानने करायचा का?

दुसरं पाऊल सगळ्यांच्या आवडीचं: "पूर्वीचे लोक काय वर्गात जाऊन शिकले? राहिले, कामं केली, आली भाषा." उदाहरण बहुधा युगांडाचं दिलं जातं. १९७२ साली इदी अमीनने हाकललेले सुमारे २८ हजार आशियाई ब्रिटनमध्ये आले. त्यात गुजरात्यांबरोबर आपले गोवेकरही होते. पण त्यांतले कितीतरी जण ब्रिटिशांच्या पूर्व आफ्रिकेत इंग्रजी शाळांत शिकलेले होते. भाषा ते सोबतच घेऊन आले. शिवाय त्यांच्यासाठी सरकारने युगांडा रिसेटलमेंट बोर्ड नेमलं, सोळा छावण्या उघडल्या, आणि बाहेर पडल्या दिवसापासून त्यांना काम करायची मुभा होती. 'काहीही न मिळता वर आले' ही दंतकथा नातवंडांना सांगायला ठीक आहे.

लंडनमधल्या साउथॉलची गोष्ट तर उलटंच सांगते. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे रबराच्या आणि इतर कारखान्यांत पंजाबी माणसं रात्रपाळ्या करत. शेजारच्या यंत्रावर पंजाबी, मुकादम पंजाबी. वीस वर्षं इंग्लंडमध्ये काम करूनही इंग्रजी न येणं तिथे सहज शक्य होतं, आणि घरात राहिलेल्या बायकांचं तर विचारूच नका. हे सरकारच्याही लक्षात आलं, म्हणून १९७४ साली साउथॉलमध्ये नॅशनल सेंटर फॉर इंडस्ट्रियल लँग्वेज ट्रेनिंग सुरू झालं. कामाच्या जागीच भाषा शिकवायची, असा तो सरकारी पैशावर चाललेला उपक्रम. म्हणजे ज्या पिढीचं 'आपलं आपण शिकले' म्हणून कौतुक होतं, तिच्यासाठीही वर्ग होते.

याच केंद्रातल्या लोकांबरोबर भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी काम केलं. त्यांचं एक निरीक्षण पुढे फार गाजलं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या उर्मट आहेत, अशी तक्रार होऊ लागली. त्या बोलत तरी किती होत्या? ताटात मांस घेतलेल्या कामगाराला 'ग्रेव्ही' एवढं विचारायच्या. इंग्रज बाई हाच शब्द सूर वर नेऊन म्हणे, म्हणजे 'हवी का?' आमच्या बायका सूर खाली आणून म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, ही बाई सांगतेय की ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घे. शब्द अगदी बरोबर, सुराने घात केला. ध्वनिफीत ऐकवून, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून हे दाखवल्यावर गाठ सुटू लागली. हा सूर कानावर पडून आपोआप का आला नाही? त्या बायका तर रोज त्याच कॅन्टीनमध्ये होत्या. कारण चुकतंय काय, हेच कुणाला माहीत नव्हतं. ते सांगायला शिकवणारं माणूस लागतं.

गम्पर्झ यांचं नाव काढायला आणखी एक कारण आहे. त्यांनी त्याआधी आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या भाषांचा अभ्यास केला होता. रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर त्यांनी १९७१ साली कुपवाडच्या मराठी, कन्नड आणि उर्दूवर लिहिलेला निबंध जगभरचे भाषेचे विद्यार्थी अजून वाचतात. शेकडो वर्षं एका गावात नांदून या तीन भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं होतं की एकीतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. म्हणजे 'राहिलं की भाषा येते' याचा जगातला उत्तम पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे, हे मी नाकारत नाही. फक्त तो पुरावा नीट वाचा. कुपवाडला शेकडो वर्षं लागली. आणि तिथे बांध एक होता, बाजार एक होता, मजुरीची देवघेव रोजची होती.

आता इंग्लंडमध्ये आश्रय मागणाऱ्याचा दिवस पाहा. अर्ज केल्यावर बारा महिने त्याला काम करायला बंदी. बारा महिन्यांनी परवानगी मागता येते, तीही सरकारी यादीतल्या मोजक्या कामांसाठी. २००२ पर्यंत ही मुभा सहा महिन्यांनी मिळे, ती काढून घेतली. स्वतः रांधून खाणाऱ्याला आठवड्याचे ४९ पौंड, आणि जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवलेल्याला १० पौंडांहूनही कमी. त्यात बसचं भाडं काढा. इंग्लंडमध्ये सरकारी पैशाच्या ईसॉलच्या वर्गात, म्हणजे परभाषकांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गात, बसायचं तर पहिले सहा महिने तेही दार बंद. स्कॉटलंडने ही सहा महिन्यांची अट ठेवलेली नाही आणि तिथे आभाळ कोसळलेलं नाही. म्हणजे सहा महिने वर्ग नाही, वर्षभर काम नाही, शेजारी नाही, बाजार नाही. मग 'आपलं आपण' शिकायचं कुठून? हॉटेलच्या दारामागची आगीच्या वेळची सूचना रोज वाचून?

कामाची वाट सरकारनेच अडवलेली असताना वर्गाला खैरात म्हणणं मला पटत नाही. अडवलेल्या वाटेची ती भरपाई आहे, तीही अपुरी.

आता पैशांचं बोलू, कारण करदाता हा शब्द उच्चारला की सगळे गंभीर होतात. इंग्लंडमध्ये ईसॉलवरचा सरकारी खर्च २००९-१० मध्ये २० कोटी ३० लाख पौंड होता. २०१५-१६ पर्यंत तो ९ कोटींवर आला, हा हिशेब रेफ्युजी अ‍ॅक्शन या संस्थेने मांडला. ही कपात करणाऱ्या सरकारचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं की मुस्लिम स्त्रियांना इंग्रजी येत नाही ही काळजीची बाब आहे, सबब त्यांच्यासाठी २ कोटी पौंड. सोबत इशाराही होता: जोडीदाराच्या व्हिसावर आलेलीने अडीच वर्षांत इंग्रजीत प्रगती दाखवली नाही तर परत जावं लागू शकेल. अकरा कोटी काढून घ्यायचे, दोन कोटींची ओवाळणी घालायची आणि वर डोळे वटारायचे. मला तो दिवस आठवतो. मंडळातल्या अनेकांना ही घोषणा फार कणखर वाटली होती.

दुसरा आकडा २०२४-२५ चा. आश्रयार्थींच्या हॉटेलांवर ब्रिटनच्या गृहखात्याने त्या वर्षी २१० कोटी पौंड खर्च केले. दिवसाला सत्तावन्न लाखांच्या वर. वर्षं वेगळी आहेत, तुलना ढोबळ आहे, पण २०१५-१६ मधल्या सबंध इंग्लंडच्या ईसॉलचा खर्च म्हणजे हॉटेलांचे सोळा दिवस. ज्यांना करदात्याची चिंता आहे त्यांनी माणूस हॉटेलातून, भत्त्यातून, दुभाष्याच्या शेजारच्या खुर्चीतून लवकर बाहेर कसा पडेल याची चिंता करावी. ते इंग्रजीशिवाय होत नाही.

होतं कसं, याचं उत्तर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात मिळतं. तिथल्या सार्वजनिक प्रौढवर्गात इंग्रजी शिकायला इतके अर्ज येतात की जागा चिठ्ठ्या टाकून द्याव्या लागतात. दोन संशोधकांनी चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले यांच्या पुढच्या कमाईची तुलना केली. चिठ्ठी आंधळी असते, म्हणून 'हुशार होते तेच वर्गात गेले' ही पळवाट इथे चालत नाही. वर्गात बसलेल्यांची कमाई वर्षाला सुमारे २,४०० डॉलरने, म्हणजे ५६ टक्क्यांनी वाढली. त्यांनी भरलेल्या वाढीव करातून कार्यक्रमाचा खर्च कालांतराने निघून करदात्याला वर्षाला सुमारे ६ टक्के परतावा मिळाला. हे सगळे निर्वासित नव्हते, साधे स्थलांतरित होते, हे सांगायला हवं. निव्वळ निर्वासितांचा दाखला हवा असेल तर डेन्मार्क आहे. १ जानेवारी १९९९ पासून ज्यांना तिथे राहण्याची परवानगी मिळाली त्यांना जास्त आणि अधिक चांगलं भाषाशिक्षण मिळू लागलं. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे निर्वासित ताडून पाहिले, तेव्हा पलीकडच्यांच्या नोकरीत आणि कमाईत वाढ दिसली आणि ती पंधरा वर्षांहून अधिक टिकली. त्याच सुधारणेत त्यांचा भत्ताही कापला होता. त्या कापाकापीचा असा टिकाऊ फायदा काही दिसला नाही. कडक व्हा म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत.

"पण यांना शिकायचंच नसतं हो!" हा पुढचा आरोप. फ्रेमिंगहॅमच्या चिठ्ठ्या त्याचं उत्तर आहेत, आणि इंग्लंडमधल्या वर्गांच्या प्रतीक्षायाद्याही. न येणाऱ्यांची कारणंही पाहा. सकाळी दहा ते बाराचा वर्ग, कडेवर दोन वर्षांचं मूल, आणि कॉलेजात पाळणाघर नाही. किंवा गोदामातली पाळी पहाटे चारला सुरू होते आणि बदलती असते. किंवा बाईने स्वतःच्या भाषेतही कधी पेन धरलेलं नाही. तिला इंग्रजीच्या आधी डावीकडून उजवीकडे लिहायचं असतं, रेघ सोडायची नसते, हे शिकवावं लागतं. उलट टोकाला डॉक्टर असतो. त्याला जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीसाठी आयईएल्टीएसमध्ये एकूण साडेसात लागतात, आणि प्राथमिक वर्ग तिथपर्यंत नेत नाही, म्हणून तो जेवणाचे डबे पोचवत फिरतो. या दोघांना एकाच वर्गात बसवून 'बघा, प्रगती नाही' म्हणणारे मी पाहिले आहेत. वर्ग वाईट असतात, कंटाळवाणे असतात, काही लोक मध्येच सोडतात. जर्मनीत २००५ पासून सहाशे तासांचा भाषावर्ग आहे, तिथेही सगळे बी-वनची, म्हणजे भाषेच्या मध्यम पातळीची, पायरी गाठत नाहीत. म्हणून वर्ग सुधारावे. पाचवीत इंग्रजीत नापास होणारी मुलं आपल्याकडे कमी नव्हती, म्हणून कुणी शाळेला टाळं लावलं नाही.

उरलेले दोन आक्षेप झटपट संपवतो. फोनमध्ये भाषांतर होतं, मग वर्ग कशाला? होतं की. औषधाच्या बाटलीवरचं वाचता येतं. पण मुलाच्या शाळेतली बाई फाटकाशी उभ्या उभ्या जे सांगते ते फोन काढेपर्यंत संपलेलं असतं. म्हणून मग दहा वर्षांच्या पोरीला डॉक्टरांपुढे आईच्या पोटदुखीची भाषांतरं करत बसावं लागतं. आणि फुकट वर्गांमुळे लोंढे येतील म्हणावं, तर ब्रिटनच्या गृहखात्यानेच २००२ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की लोकांना इथल्या सोयीसवलतींची फारशी माहितीच नसते. ते नातलगांमागे येतात, आणि इंग्रजी थोडंफार येतं म्हणून येतात.

एक टोला मला माझ्याच बाजूच्यांना द्यायचा आहे. इंग्रजीची अट म्हणजे वसाहतवाद, असं म्हणणारे पुरोगामी मित्र मला भेटतात. त्यांचंही मला पटत नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याला मराठी यावी असं मला मनापासून वाटतं. मग इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला इंग्रजी यावी, या अपेक्षेला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? अपेक्षा रास्तच आहे. पण मुंबईत 'मराठीत बोला' म्हणून दरडावणाऱ्यांची संख्या आणि परभाषकांना मराठी शिकवणाऱ्यांची संख्या शेजारी ठेवून पाहिली की आपलं पाणी आपल्यालाच कळतं. अपेक्षा करणाऱ्याने निदान बाराखडीचा तक्ता तरी टांगावा.

ब्रिटनला ते जमतच नाही असं नाही. २०१५ मध्ये सीरियातून वीस हजार निर्वासित आणायचे ठरले, तेव्हा त्याच कॅमेरनांच्या काळात आखलेल्या योजनेत स्थानिक कौन्सिलांवर बंधन होतं: कुटुंब आल्यापासून महिन्याच्या आत भाषेचा वर्ग, आठवड्याला किमान आठ तास. त्यासाठी वेगळे पैसे दिले, पाळणाघराचाही विचार झाला. हे वीस हजार विमानाने, आमंत्रणावरून आले होते. त्याच सीरियातला, त्याच गल्लीतला माणूस होडीतून आला तर त्याला सहा महिने थांब म्हणायचं. दोघांना राहायचं एकाच देशात आहे, बोलायचं त्याच शेजाऱ्यांशी आहे.

आणि अट तर चढतेच आहे. नागरिकत्वासाठी बी-वन दर्जाचं इंग्रजी लागतं. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने स्थलांतराच्या बहुतेक मार्गांवर ही पायरी बी-टूपर्यंत नेण्याचं ठरवलं, कुशल कामगारांना तर जानेवारी २०२६ पासून ती लागूही झाली. श्वेतपत्रिका आली त्याच दिवशी पंतप्रधान कीर स्टार्मर आपण 'अनोळखी माणसांचं बेट' होऊ असं बोलून गेले. पुढे त्या शब्दांबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला. शब्द मागे घेता येतात, पायरी मात्र उंचच राहिली. ती चढायला लागणारा हात कुठे आहे, एवढंच मी विचारतोय. परीक्षा आपली, गुण देणारे आपण, नापास झाल्यावर बोट दाखवणारेही आपण, आणि शिकवायची वेळ आली की "आपलं आपण बघा"!

तर गृहस्थ, पुढच्या गणपतीत आपण भेटणारच आहोत. तुमचा भाचा यंदा इकडे यायच्या तयारीत आहे असं ऐकलं. त्याला आता बी-टू लागेल, आणि त्याचं इंग्रजीही अनुदानित शाळेतच झालंय. तोवर एक काम करा. तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर जे कॉलेज आहे तिथे जाऊन ईसॉलच्या वर्गाला किती जण थांबून आहेत एवढं विचारून या. आकडा घेऊन या, मग मोदक बाजूला ठेवून बोलू.